विट्याहून आलेलं पत्र: हार्डवेअर वॉलेट, दोन फोन आणि चोवीस शब्द

प्रश्न: मी विट्याचा. घरचा सोन्याच्या गलाईचा धंदा, वडील आणि काका कोइमतूरला दुकान बघतात, मी इकडचं घर आणि शेती. २०२१ पासून थोडं थोडं बिटकॉइन आणि इथेरियम घेत आलोय. काही एका भारतीय अ‍ॅपवर आहे, काही फोनमधल्या वॉलेट अ‍ॅपमध्ये. वझीरएक्स या कॉइन खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजमधल्या चोरीचं प्रकरण झाल्यापासून मनाला स्वस्थता नाही, म्हणून हार्डवेअर वॉलेट, म्हणजे कॉइनची किल्ली सांभाळणारं छोटं यंत्र, घ्यायचं ठरवलंय. घरात लॅपटॉप नाही. माझा रिअलमीचा फोन आहे, बायकोचा आयफोन. चुलतभावाकडे वापरलेलं लेजर कंपनीचं नॅनो एस आहे, स्वस्तात देतो म्हणतोय. ते दोन्ही फोनना चालेल का? ब्लूटूथवालं घेतलं तर कुणी हवेतल्या हवेत चोरी करेल का? आणि फोनच हॅक झाला तर? वॉलेट परत उघडून देणाऱ्या गुप्त शब्दांची एक प्रत सासुरवाडीला, सांगलीवाडीत ठेवीन म्हणतो. सध्याच्या वॉलेटच्या बारा शब्दांचा स्क्रीनशॉट गॅलरीत आहेच, तेच शब्द नव्या यंत्रात टाकले की काम झालं ना?
एक वाचक, विटा

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेतो. बाकीचं आठवडाभर मागे पडलं तरी बिघडत नाही, याला मात्र आजच हात घाला. गॅलरीत स्क्रीनशॉट असलेले ते बारा शब्द आता गुप्त राहिलेले नाहीत असंच धरून चाला. ते कुणी पाहिलेत का हे तुम्हाला आधी कळायचा काही मार्ग नाही. कळेल ते वॉलेट रिकामं दिसेल तेव्हाच.

ही नुसती भीती घालत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने ‘स्पार्ककॅट’ नावाच्या एका घातक प्रोग्रॅमची माहिती बाहेर आणली. तो फोनमधल्या फोटोंवरचा मजकूर वाचायचा आणि त्यात वॉलेटचे शब्द सापडले की तो फोटो चोरांकडे पाठवून द्यायचा. ज्या अ‍ॅपांत तो लपला होता त्यातली काही प्ले स्टोअरवर होती, काही अ‍ॅपलच्या स्टोअरवरही होती. म्हणजे आडवाटेचं काही उतरवलं नव्हतं तरी माणूस सापडला. त्यात तुमची गॅलरी गूगल फोटोजला जोडलेली असेल तर तो स्क्रीनशॉट क्लाउडवरही गेलेला आहे, जुन्या फोनमध्येही असू शकतो, डिलीट केला तरी ट्रॅशमध्ये पडून असतो.

तेव्हा तेच बारा शब्द नव्या यंत्रात टाकू नका. टाकलेत तर महागाचं यंत्र घेऊन त्यात उघडी पडलेली किल्ली ठेवल्यासारखं होईल. नवं यंत्र स्वतः नवे शब्द तयार करतं, तेच वापरा आणि जुन्या वॉलेटमधले कॉइन नव्या पत्त्यावर, म्हणजे खाते क्रमांकासारख्या अक्षर-आकड्यांच्या रांगेवर, पाठवा. यंत्र यायला वेळ लागणार असेल तर तोवर त्याच अ‍ॅपमध्ये एक नवं वॉलेट तयार करा, त्याचे शब्द पेनाने कागदावर लिहा, स्क्रीनशॉट घेऊ नका, आणि सगळं तिकडे हलवा. अगदी आज संध्याकाळी.

आता यंत्राकडे. हार्डवेअर वॉलेटमध्ये कॉइन नसतात. कॉइनची नोंद ब्लॉकचेनवर, जगभरच्या संगणकांवर असते. यंत्रात असते ती सही करायची किल्ली, आणि त्या किल्लीचं मूळ म्हणजे ते १२ किंवा २४ शब्द. तुम्ही कुणाला बिटकॉइन पाठवायला गेलात की फोनमधलं अ‍ॅप व्यवहाराचा मसुदा तयार करून यंत्राकडे देतं. यंत्र आपल्या छोट्या स्क्रीनवर पत्ता आणि रक्कम दाखवतं. तुम्ही बटण दाबलं की आतल्या आत सही होते आणि फक्त ती सही फोनकडे परत येते. किल्ली बाहेर येतच नाही.

म्हणून ‘फोनच हॅक झाला तर?’ या प्रश्नाचं उत्तर असं: हॅक झालेला फोन यंत्रातली किल्ली काढून घेऊ शकत नाही, पण तुम्हाला फसवू शकतो. तुम्ही कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना बदलून चोराचा पत्ता टाकणारे प्रोग्रॅम अनेक वर्षांपासून आहेत. काही चोर तर तुमच्या नेहमीच्या पत्त्याशी सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जुळणारा पत्ता तयार करतात आणि तिथून किरकोळ व्यवहार पाठवून तो तुमच्या यादीत आणून ठेवतात. पुढच्या वेळी तुम्ही यादीतून घाईने उचललात की गेलं. यावर उपाय एकच, तो म्हणजे यंत्राची स्क्रीन. तुमच्या दुकानात कुणी सोनं घेऊन आला आणि बावीस कॅरेट आहे म्हणाला, तर वडील नुसत्या बोलण्यावर पैसे मोजत नाहीत, कसोटीवर घासून बघतात. फोनवर दिसतं ते त्या गिऱ्हाइकाचं बोलणं आणि यंत्राच्या स्क्रीनवर दिसतं ती कसोटी. पाठवताना पत्ता तिथे वाचा आणि ज्याने पत्ता दिला त्याच्याकडून वेगळ्या वाटेने, शक्यतो फोनवर बोलून, पडताळून घ्या. नुसती पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून थांबू नका, मधली पण वाचा. स्वतः कॉइन घेतानाही हेच करायचं, कारण तुमचा म्हणून फोनने दाखवलेला पत्ता तुमचाच आहे हे यंत्रच सांगू शकतं.

वझीरएक्सचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून त्याबद्दल थोडं. १८ जुलै २०२४ रोजी तिथून साधारण २३ कोटी ५० लाख डॉलरचे कॉइन गेले. ते पैसे अनेकांच्या सह्या लागणाऱ्या वॉलेटमध्ये होते आणि कंपनीच्या सांगण्यानुसार सही करणाऱ्या त्यांच्या माणसांकडे हार्डवेअर वॉलेटच होती. पुढे २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्स्चेंजमधून जवळपास दीड अब्ज डॉलर गेले, तिथेही सही हार्डवेअर वॉलेटवरूनच झाली. संगणकावर दिसत होता एक व्यवहार, सही होत होती दुसऱ्यावर. गुंतागुंतीचे व्यवहार यंत्राच्या छोट्या स्क्रीनवर धड वाचता येत नाहीत, नुसती अक्षरं-आकड्यांची रांग येते, आणि माणूस ‘नेहमीचंच आहे’ म्हणून बटण दाबतो. याला ब्लाइंड साइनिंग म्हणतात. तुम्ही बिटकॉइन आणि इथेरियम घेऊन ठेवणारे आहात, साधं पाठवणं-घेणं एवढंच तुमचं काम. तुम्हाला ब्लाइंड साइनिंग कधी लागणार नाही. सेटिंगमध्ये ते बंदच ठेवा आणि स्क्रीनवर जे वाचता येत नाही त्याला बटण दाबू नका, समोर कितीही मोठं ‘फ्री टोकन’चं आमिष असलं तरी.

चुलतभावाच्या नॅनो एसबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. चुलतभावावर संशय नाही. ते मॉडेल २०१६ चं, उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, आतली जागा इतकी कमी की मोजक्याच कॉइनची अ‍ॅप एकावेळी बसतात. अँड्रॉइडला ते ओटीजी केबलने, म्हणजे फोनला दुसरं यंत्र लावायच्या केबलने, जोडता येतं, पण आयफोनला जोडता येत नाही. आणि सेकंडहँड यंत्र नक्की कुणाच्या हातातून आलंय हे चुलतभावालाही सांगता येईलच असं नाही.

कॅस्परस्कीनेच २०२३ मध्ये उलगडून दाखवलेलं एक प्रकरण इथे सांगण्यासारखं आहे. एका ग्राहकाने जाहिरातींच्या एका साइटवरून ट्रेझर या दुसऱ्या कंपनीचं मॉडेल टी हे यंत्र घेतलं. खोक्यावरचे, यंत्रावरचे चमकते स्टिकर जागच्या जागी. यंत्र चालू होत होतं, मेनू बरोबर, वापर अगदी अस्सलसारखा. आत मात्र मूळ चिप काढून दुसरी बसवली होती आणि प्रोग्रॅम बदललेला होता. यंत्र ‘नवे शब्द’ तयार करतंय असं दाखवायचं, प्रत्यक्षात चोराने आधीच ठरवून ठेवलेल्या २० संचांपैकी एक संच द्यायचं. त्या माणसाने यंत्र तिजोरीत ठेवलं होतं, कशाला जोडलेलंही नव्हतं, आणि तरी १.३३ बिटकॉइन गेले. चोराला यंत्राजवळ यायची गरजच पडली नाही. याहून साधा प्रकार म्हणजे खोक्यातच स्क्रॅच कार्डवर ‘तुमचे शब्द’ छापून देणं. शब्द छापील आले तर ते यंत्र तसंच परत पाठवा.

तेव्हा यंत्र कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, नाहीतर कंपनीने आपल्या साइटवर ज्याचं नाव दिलंय अशाच विक्रेत्याकडून घ्या. पहिल्यांदा जोडताना कंपनीचं अ‍ॅप यंत्र अस्सल आहे का ते तपासतं, ती पायरी वगळू नका.

आता दोन फोनचा प्रश्न. याला मी जरा जास्त जागा देणार आहे, कारण लोक याला सोयीचा प्रश्न समजतात, आणि माझ्या मते तो सुरक्षेचाच आहे. होतं असं की यंत्र घरी येतं, फोनला जुळत नाही. केबल लावली, काही होत नाही. दोन दिवस खटपट करून माणूस वैतागतो आणि ‘निदान शिल्लक तरी बघू’ म्हणून ते चोवीस शब्द फोनमधल्या कुठल्यातरी अ‍ॅपमध्ये टाइप करतो. त्या क्षणी हार्डवेअर वॉलेट संपलं. ज्या किल्लीने फोन कधी बघू नये ती फोनमध्येच गेली. दुसरी घसरण अशी की यूट्यूबवर ‘कनेक्ट होत नाही’ म्हणून शोधायचं, खाली कुणीतरी मदतीचा नंबर दिलेला असतो, आणि तो ‘मदतनीस’ शब्द मागतो. जुळणारं यंत्र पहिल्यापासून घेतलं तर या दोन्ही वाटा बंद होतात.

तुमच्या अँड्रॉइडवर केबलने जोडायची जवळपास सगळी यंत्रं चालतात: लेजर नॅनो एस प्लस, ट्रेझर सेफ ३, सेफ ५. अडतं ते बारीकसारीक गोष्टींवर. एक म्हणजे केबल. पॉवरबँकेबरोबर येणाऱ्या कित्येक केबलींतून फक्त चार्जिंग होतं, डेटा जात नाही. यंत्राची स्क्रीन उजळते, माणसाला वाटतं जोडलं गेलं, आणि अ‍ॅप मात्र ‘डिव्हाइस सापडलं नाही’ म्हणत राहतं. यंत्राबरोबर आलेलीच केबल वापरा. ती फोनला बसत नसेल तर दुकानात डेटा केबल किंवा ओटीजी अडॅप्टर मागा आणि तिथेच पेनड्राइव्ह लावून फाइल दिसतात का ते बघून घ्या. दुसरं म्हणजे ओटीजीचं सेटिंग. रिअलमी, ओप्पो, विवो, वनप्लस यांच्या बऱ्याच फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं आणि काही वेळ वापर नसेल, साधारण दहा मिनिटं, तर ते आपोआप बंद होतं. तुम्ही पहिल्यांदा यंत्र लावून शब्द लिहीत बसलात, तेवढ्यात ते बंद झालेलं असतं. घाबरायचं काही नाही, परत चालू करा. आणि यंत्र मागवण्याआधी कंपनीचं अ‍ॅप तुमच्या फोनवर चढतं का ते बघा. जुन्या अँड्रॉइडवर नवी अ‍ॅप चढत नाहीत.

आयफोनचं तसं नाही. २०२३ च्या आयफोन १५ पासून पोर्ट टाइप-सी झालं, केबल बरोबर बसते, त्यामुळे लोकांना वाटतं चालेल. पण नॅनो एस प्लस आयफोनवर चालत नाही. ट्रेझर सेफ ३ आणि सेफ ५ आयफोनला जोडता येत नाहीत, अ‍ॅपमध्ये शिल्लक बघता येते एवढंच. आयफोनवर खरं काम करायचं तर ब्लूटूथ असलेलं यंत्र हवं, म्हणजे लेजर नॅनो एक्स, फ्लेक्स, स्टॅक्स किंवा ट्रेझर सेफ ७. नाहीतर क्यूआर कोडवर चालणारं, जसं कीस्टोन. त्याला केबल नको, ब्लूटूथ नको. यंत्र आणि फोन एकमेकांचे क्यूआर कॅमेऱ्याने वाचतात, म्हणून कॅमेरा असलेल्या बहुतेक फोनवर ते चालतं. टँगेम कंपनीचं हार्डवेअर वॉलेट कार्डाच्या रूपात येतं. ती कार्डं फोनच्या पाठीला टेकवायची असतात, त्यासाठी फोनमध्ये एनएफसी, म्हणजे टेकवून जोडायची सोय, लागते. आयफोनमध्ये ती असते, स्वस्तातल्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये नसते. पण कार्डाला स्वतःची स्क्रीन नाही, म्हणजे पत्ता फोनवरच वाचायचा. वर कसोटीचं एवढं सांगितल्यावर मी ते तुम्हाला सुचवणार नाही.

ब्लूटूथची भीती मनातून काढून टाका. ब्लूटूथवरून जातो तो मसुदा आणि परत येते ती सही. कुणी शेजारच्या खोलीत बसून ते सगळं ऐकलं तरी त्याला फार तर तुमचे पत्ते आणि व्यवहार कळतील, किल्ली नाही. जोडताना दोन्ही स्क्रीनवर एकच आकडा येतो का ते बघा. अँड्रॉइडवर ब्लूटूथने जोडताना जुन्या व्हर्जनला लोकेशन चालू करायला सांगतात, अँड्रॉइड १२ पासून ‘जवळची उपकरणं’ ही परवानगी मागतात. ती दिली नाही तर यंत्र सापडतच नाही. ब्लूटूथवाल्या यंत्रात बॅटरी असते, ती काही वर्षांत दमते. वर्षानुवर्षं कपाटात राहणाऱ्या यंत्राला हा खरा तोटा आहे, हॅकिंग नव्हे.

मग घ्यायचं कुठलं? बायकोनेही हाताळावं असं वाटत असेल तर केबलवरची यंत्रं बाद. मी तुमच्या जागी असतो तर ब्लूटूथ किंवा क्यूआरवालं, आणि त्यातही मोठ्या स्क्रीनचं घेतलं असतं, कारण ज्या स्क्रीनवर पूर्ण पत्ता एका नजरेत दिसतो तिथे माणूस खरंच वाचतो. छोट्या स्क्रीनवर पत्ता तुकड्यातुकड्याने येतो आणि तिसऱ्या तुकड्यापर्यंत कंटाळा येतो. बजेट कमी असेल आणि फक्त तुमच्याच फोनवर चालवायचं असेल तर नॅनो एस प्लस किंवा सेफ ३ मध्ये काही कमीपणा नाही. जुनं ट्रेझर वन मात्र नको. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन या एक्स्चेंजच्या सुरक्षा विभागाने हातात आलेल्या ट्रेझर वन आणि मॉडेल टी मधून साधारण १५ मिनिटांत शब्द काढून दाखवले होते. २०२३ च्या सेफ ३ पासून त्यांनी वेगळी सुरक्षित चिप घातली.

एक बारकावा सुरुवातीलाच लक्षात ठेवा. शब्दांची नेहमीची पद्धत २०१३ ची आहे, बिप-३९ नावाची. २०४८ इंग्रजी शब्दांची एक ठरलेली यादी, त्यातले १२ किंवा २४. ही पद्धत बहुतेक सगळ्या कंपन्यांची यंत्रं ओळखतात, म्हणजे उद्या लेजर बंद पडलं तर तेच शब्द ट्रेझरमध्ये किंवा कीस्टोनमध्ये टाकून बिटकॉइन-इथेरियम परत मिळतं. ट्रेझरची नवी यंत्रं मात्र आपणहून २० शब्दांची वेगळी पद्धत पुढे करतात, आणि ती लेजरमध्ये चालत नाही. ट्रेझर घेतलंत तर सेट करतानाच १२ किंवा २४ शब्दांचा पर्याय निवडा.

सांगलीवाडीच्या प्रतीबद्दल. सासुरवाडीच्या लोकांवर विश्वास आहे हे चांगलंच, पण कृष्णेवर कसा ठेवणार? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि सांगलीवाडी म्हणजे पुलाच्या त्या टोकाचं गाव. २००५ आणि २०२१ चे पूरही तिथल्या लोकांनी बघितलेत. पुरात घर सोडताना माणूस म्हाताऱ्यांना आणि जनावरांना बघतो, कपाटातल्या पाकिटाची आठवण कुणाला राहते? आणि पाकिट राहिलं तरी आतला कागद चिखलात लगदा होतो. तिथे ठेवायचंच असेल तर कागद नको, स्टीलची पट्टी. सोनं १०६४ अंशाला वितळतं हे तुम्हाला मी सांगायला नको. स्टेनलेस स्टील साधारण १४०० अंशापर्यंत टिकतं, म्हणजे आगीतही शब्द वाचतील. अक्षरं ठोकायचा पंच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पूर्ण शब्द ठोकायची गरज नाही, पहिली चार अक्षरं पुरतात, कारण त्या यादीत पहिली चार अक्षरं सारखी असलेले दोन शब्द नाहीत. फक्त शब्दांचा क्रम चुकवू नका, प्रत्येकाआधी आकडा ठोका. हे काम स्वतः करा, भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडे देऊ नका.

काही जण हुशारी म्हणून बारा शब्द विट्यात आणि बारा सांगलीत ठेवतात. तसं करू नका. दोनपैकी एक जागा गेली की सगळंच गेलं, म्हणजे धोका दुप्पट झाला. पूर्ण प्रती दोन, दोन वेगळ्या जागी. एक घरात, एक बँकेच्या लॉकरमध्ये. सांगलीवाडीपेक्षा लॉकर मला जास्त पटतं, पण तोही पुराच्या रेषेच्या वरचा, विट्याचाच बघा.

यंत्र सेट झालं की लगेच सगळं त्यावर टाकू नका. आधी थोडंसं, हजार-दोन हजारांचं पाठवा. ते दिसलं की यंत्र मुद्दाम रीसेट करा, लेजरमध्ये तीनदा चुकीचा पिन टाकला तरी ते स्वतःला पुसून टाकतं. मग पट्टीवरचे शब्द यंत्रावरच टाकून वॉलेट परत आणा. हजार रुपये परत दिसले तर तुमची पट्टी बरोबर आहे. ही उजळणी बायकोच्या हातून करून घेतलीत तर आणखी चांगलं, कारण उद्या तुम्हाला काही झालं तर तिला हेच करायचं आहे. अशा वॉलेटला बँकेसारखं नॉमिनेशन नसतं. तिला शब्द पाठ असायची गरज नाही. ते कुठे ठेवलेत आणि ते कुठल्याही माणसाला, साइटला किंवा फोनला सांगायचे नाहीत, एवढं माहीत असलं की पुरे.

शब्द फक्त यंत्राच्या बटणांनी किंवा यंत्राच्या स्क्रीनवर टाकायचे, बाकी कुठेही नाही. २०२१ मध्ये अ‍ॅपलच्या स्टोअरवर ट्रेझरच्या नावाचं खोटं अ‍ॅप होतं, त्यात शब्द टाइप करून एका माणसाने १७.१ बिटकॉइन गमावले. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर लेजर लाइव्हचं खोटं रूप सापडलं. (त्या खऱ्या अ‍ॅपचं नाव आता लेजर वॉलेट आहे, नाव बदललं म्हणून गोंधळू नका.) अ‍ॅप कंपनीच्या साइटवरच्या दुव्यावरूनच उतरवा, स्टोअरमध्ये शोधून नाही.

आणि फोन येतील, पत्रंसुद्धा येतील. २०२० मध्ये लेजरच्या दुकानाचा डेटा फुटला, त्यात २ लाख ७० हजारांहून जास्त ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर बाहेर गेले. त्यातल्या काहींना पुढे टपालाने खोटी यंत्रं आली, कंपनीच्या नावाची पत्रं आली, ‘सुरक्षेसाठी शब्द भरा’ म्हणून. कंपनी शब्द कधी मागत नाही. गल्लीत, पारावर, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर यंत्राची वाच्यता करू नका. काही गडबड झालीच तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा, पण ब्लॉकचेनवरून गेलेलं परत फिरवता येत नाही हे मनाशी पक्कं असू द्या.

राहिलं भारतीय अ‍ॅपवरचं. काही अ‍ॅप कॉइन बाहेर पाठवू देतात, काही फक्त विकून रुपये काढू देतात, म्हणून यंत्र मागवायच्या आधी तुमच्या अ‍ॅपमध्ये ‘विथड्रॉ’चा पर्याय खरोखर चालतो का आणि फी किती ते बघा. पाठवताना नेटवर्क नीट निवडा, बिटकॉइन बिटकॉइनच्याच नेटवर्कवर. स्वतःच्या खात्यातून स्वतःच्या यंत्रावर पाठवणं ही विक्री धरली जात नाही, पण एक कॉइन देऊन दुसरा घेतला तर तो व्यवहार कराच्या हिशेबात येतो. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के आहे आणि तोटा दुसऱ्या नफ्यातून वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएसही कापतात. यंत्रावर हलवल्यानंतर खरेदीची तारीख आणि भाव सांगणारं दुसरं कुणी नसतं, म्हणून खातं रिकामं करायच्या आधी २०२१ पासूनचं पूर्ण स्टेटमेंट उतरवून घ्या आणि त्याची छापील प्रत ठेवा. सीएंकडे जाताना ते न्या. यंत्र, पिन किंवा शब्द त्यांना दाखवायची काही गरज नाही.